डोळा ठणठणीत, तरी दिसत नाही! मग बघतं कोण?

सुरसागरकाठची (धागाकर्ती)

डोळा निरोगी. आतला पडदा निरोगी. चष्म्याचा नंबर नीट तपासून काढलेला. तरी त्या डोळ्याने तक्त्यावरच्या वरच्या दोन-तीन ओळींच्या खाली काही वाचता येत नाही. असं होऊ शकतं, आणि सध्या आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात तेच चाललंय. भाचीच्या सहा वर्षांच्या मुलाचा डावा डोळा 'आळशी' निघाला. डॉक्टरांनी चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायला सांगितली, आणि घरात दोन तट पडले. एक तट म्हणतो, दिसतंय तो डोळा झाकून पोराला आंधळं कशाला करता? दुसरा तट निमूटपणे पट्टी चिकटवतो. मी दुसऱ्या तटातली. पहिल्याला गप्प करण्यापुरतं वाचायला घेतलं आणि वाचतच गेले. मी गणिताची मास्तरीण आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते.

वाचून माझं मत झालंय ते असं: डोळा फक्त उजेड आत घेतो. त्या उजेडातून 'हे ताट, हा दरवाजा, ही आई' एवढं काढायचं काम मेंदूचं, आणि त्यातलं बरंचसं त्याला शिकावं लागतं. तेही वेळेत.

आधी मांजरं. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल हे दोघे १९५८ पासून अमेरिकेत मांजराच्या मेंदूच्या मागच्या भागात बारीक तार घालून एकेका पेशीचा आवाज ऐकत होते. समोरच्या पडद्यावर ठिपके दाखवायचे आणि पेशी बोलते का बघायचं. ठिपक्यांना पेशी काही केल्या दाद देईना. एकदा प्रोजेक्टरमध्ये काच सरकवताना काचेच्या कडेची पुसट रेघ पडद्यावरून सरकली आणि पेशी तडतडायला लागली. तिला ठिपका नकोच होता, एका ठरावीक कोनातली रेघ हवी होती. शेजारची पेशी दुसऱ्या कोनावर खूश. म्हणजे डोळ्यातलं चित्र मेंदूत फोटोसारखं उमटत नाही. आधी त्याच्या रेघा सुट्या होतात, आणि पुढे त्या कुठेतरी जुळवाव्या लागतात.

त्यांचा पुढचा प्रयोग आमच्या घरच्या भांडणाला अगदी लागू पडतो. मांजरीच्या पिल्लाची एक पापणी शिवली आणि दोन-तीन महिन्यांनी उघडली. डोळा स्वच्छ होता, पण मेंदूतल्या जवळजवळ कुठल्याच पेशीला त्याची ओळख उरली नव्हती. सगळी जागा उघड्या डोळ्याने बळकावली होती. मोठ्या मांजरीचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला तर असं काही होत नाही. पिल्लाच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात मात्र तीन-चार दिवसांची झाकणीसुद्धा भोवते. आणि दोन्ही डोळे शिवले तर असा एकतर्फी निकाल लागत नाही! म्हणजे नुसत्या अंधाराने हे होत नाही, दोन डोळ्यांच्या चढाओढीत होतं. पट्टी हेच करते. वर्गातल्या बोलघेवड्या मुलाला थोडा वेळ गप्प बसवलं की मागच्या बाकावरचं पोर तोंड उघडतं, तसं. या कामाबद्दल दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं.

दुसरी गोष्ट याहून जुनी. १६८८ मध्ये डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी जॉन लॉक या तत्त्वज्ञाला पत्रातून एक कोडं घातलं. (मॉलिन्यू यांची बायको अंध होती, म्हणजे प्रश्न घरातलाच.) जन्मांध माणसाला हाताने चाचपून घन कोणता, गोळा कोणता हे कळतं. उद्या त्याला दिसू लागलं, तर हात न लावता नुसतं बघून तो ते सांगू शकेल का? लॉकचं उत्तर होतं, नाही. पुढे तीनशे वर्षं पंडित यावर भांडले, पण नीट चाचणी घ्यायला माणसं मिळत नव्हती. ती मिळाली दिल्लीत. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे पवन सिन्हा यांनी भारतात 'प्रोजेक्ट प्रकाश' सुरू केला. जन्मापासून अंध, पण उपचार होण्यासारखी मुलं शोधायची, त्यांच्यावर शस्त्रक्रिया करायची, आणि ती बघायला कशी शिकतात हे टिपायचं. २०११ मध्ये अशा पाच मुलांचा निष्कर्ष छापून आला. वयं ८ ते १७. शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांच्या आत त्यांना ठोकळे दिले. हाताळलेला ठोकळा पुन्हा हातानेच ओळखायचा, जमलं. बघितलेला बघून ओळखायचा, जमलं. हाताळलेला बघून ओळखायचा? जवळजवळ नाणं उडवल्यासारखी उत्तरं. लॉक बरोबर! पण थांबा. त्यांतल्या काहींची चाचणी पुन्हा घेतली, एकाची तर पाचच दिवसांनी, तेव्हा उत्तरं पुष्कळ सुधारली होती. आणि मधल्या काळात कुणी त्यांची शिकवणी घेतली नव्हती.

आता तुमचे अनुभव आणि आक्षेप येऊ द्या. वाद घातलात तरी चालेल.


पादरेकर

ताई, लेख झकास. पण एक शंका. आमच्याकडे म्हैस व्याली की पारडू तासाभरात उभं राहतं, धडपडत आचळापाशी जातं, संध्याकाळपर्यंत गोठ्यात फिरतं. खांबावर आपटत नाही. त्याला कुणी शिकवलं? सहा महिने माणसाचं पोर नुसतं लोळतं म्हणून 'बघणं शिकावं लागतं' असं आपल्याला वाटत असेल.


मनीमाऊ

पिल्लांच्या पापण्या शिवल्या हे वाचून पुढचं वाचवेना. नोबेल मिळालं म्हणून सगळं माफ?


सुरसागरकाठची

@मनीमाऊ, माफ करा असं मी म्हणत नाही. मलाही ते वाचून कसंतरीच झालं. पण त्याआधी जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळांबाबत 'जरा मोठं होऊ द्या, मग बघू' असं सर्रास चालायचं. वाट बघण्यात नेमकं काय हातचं जातं, हे त्या पिल्लांमुळे कळलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि मला त्यांची वजाबाकी करता येत नाही.

@पादरेकर, प्रश्न चोख. प्राणिशास्त्रवाल्या कुणीतरी उत्तर द्या.


चष्म्यापलीकडे

मी ऑप्टोमेट्रिस्ट (नजर आणि चष्म्याचा नंबर तपासणारी) आहे, रोज हेच बघते. घरातल्या पहिल्या तटासाठी थोडं.

आळशी डोळ्याची कारणं मुख्यतः तीन. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक, तिरळेपणा, किंवा डोळ्यासमोर आडोसा (मोतीबिंदू, खाली पडलेली पापणी). नंबराचा फरक सगळ्यात फसवा, कारण मूल तक्रारच करत नाही. एका डोळ्याने त्याचं सगळं भागत असतं. धुरकट दिसणं हेच त्याला दिसणं वाटतं. म्हणून शाळेत घालायच्या आधी, तीन-चार वर्षांचं असताना, दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी तपासणी करून घ्या. घरी अंदाज घ्यायचा तर मूल टीव्ही बघत असताना खेळता खेळता एकेक डोळा झाका. एक झाकला की काही नाही आणि दुसरा झाकला की चिडून हात ढकलतंय, तर दाखवायला न्या.

उपचारात आधी चष्मा. कित्येक मुलांची नजर नुसत्या चष्म्यावर काही आठवडे सुधारत राहते. मग पट्टी. दोष मध्यम असेल तर रोज २ तास पुरतात असं मोठ्या चाचण्यांतून दिसलंय, जास्त असेल तर ६ तास. तुमचे तास तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेलेच पाळा. आणि पट्टी लावून मुलाला नुसतं बसवू नका. रंगवणं, मणी ओवणं, गव्हातले खडे वेचणं, असं बारीक काम त्या डोळ्याकडून करून घ्या. पट्टी लावून पोर झोपलं तर ते तास फुकट.

सातव्या वर्षाआधी सुरू केलं तर उत्तम. 'सात झाली, आता काही होत नाही' हे जुनं वाक्य मात्र आता तसंच्या तसं खरं नाही. मोठ्या मुलांनाही फायदा होतो, फक्त कमी आणि सावकाश.

तान्ह्या बाळाच्या फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लालऐवजी पांढरी चमकत असेल तर एक दिवसही थांबू नका. मोतीबिंदू असेल तर तो पहिल्या ६ ते ८ आठवड्यांत काढलेला बरा, आणि क्वचित ती गाठही असते.


मामीची_लाडकी

चष्म्यापलीकडे ताई, हे सगळं मला पाच वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर! आमच्या मुलीच्या वेळी 'मोठी झाली की आपोआप जाईल' असं ऐकवून घरी पाठवलं होतं. आता नववं सुरू आहे, पट्टी चालू आहे, दोन ओळी वाढल्या. पुढचं वाचतेय.


बेडूकराव

प्राणिशास्त्रवाला हजर. पादरेकरकाका, तुमच्या पारड्यावर रीतसर प्रयोग झालाय, फक्त पारड्याऐवजी करडू आणि कोकरू होतं.

१९६० मध्ये एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी एक 'दिसणारा कडा' बनवला. जाड काचेचं मोठं टेबल. अर्ध्या भागात काचेला लागून खाली चौकडीचं कापड, उरलेल्या अर्ध्यात तेच कापड खाली जमिनीवर. काच सगळीकडे सारखीच, पण बघणाऱ्याला वाटतं की मधेच कडा आहे. एक दिवसाचं करडू, कोकरू, कोंबडीचं पिल्लू, कुणीही खोल बाजूला पाय टाकला नाही. उचलून खोल बाजूवर ठेवलं तर करडं पुढचे पाय ताठ करून थिजायची. म्हणजे खोली कळणं त्यांना जन्मतःच येतं. काकांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर.

पण हे तयार मिळालेलं ज्ञान किती ताठर असतं ते बघा. रॉजर स्पेरी यांनी १९४० च्या दशकात बेडकाचा डोळा खोबणीत १८० अंशांनी फिरवून बसवला. नस पुन्हा जुळली, बेडकाला दिसू लागलं. माशी वर असली की तो खाली जीभ मारायचा, पुढे असली की मागे. कितीही दिवस जाऊ द्या, सुधारणा शून्य. उपाशी मरेल पण शिकणार नाही! (हे स्पेरीही १९८१ च्या त्याच नोबेलचे मानकरी, पण वेगळ्या कामासाठी.) एकहार्ड हेस यांनी १९५६ मध्ये कोंबडीच्या पिल्लांना सगळं थोडं बाजूला सरकलेलं दिसेल असे चष्मे घातले. पिल्लांची चोच दाण्याच्या बाजूला पडायची. दिवसांमागून नेम घट्ट होत गेला, टोची एका ठिकाणी पडायला लागली, पण ते ठिकाण दाण्याच्या शेजारचंच राहिलं.

आता माणूस. जॉर्ज स्ट्रॅटन यांनी १८९० च्या दशकात स्वतःच एका डोळ्यावर जग उलटं दाखवणारी भिंगं लावली, दुसरा डोळा बांधला, आणि आठवडाभर तसेच वावरले. सुरुवातीला हात भलतीकडे जायचा. शेवटी शेवटी कामं बिनबोभाट व्हायला लागली. पुढे ऑस्ट्रियात इन्सब्रुकला असे चष्मे घालून लोकांनी सायकलीसुद्धा चालवल्या. आतलं 'चित्र' खरोखर सुलटं होतं का, यावर अजून वाद आहे. पण हातापायांनी नवं गणित शिकून घेतलं, यावर नाही.

म्हणजे हिशोब असा. ज्याला पहिल्याच दिवशी पळायचंय त्याला तयार नकाशा मिळतो, आणि तो बदलत नाही. ज्याला आई दोन वर्षं कडेवर घेऊन फिरते त्याला कोरी वही परवडते.


पादरेकर

पटलं. कोरी वही म्हणजे अगदी कोरी का पण?


बेडूकराव

नाही, आणि इथे मी धागाकर्त्या ताईंशी थोडं भांडणार. नवजात बाळाला जेमतेम २०-३० सेंटीमीटरवरचं बरं दिसतं, तरी ते चेहऱ्यासारख्या आकाराकडे जास्त वळून बघतं. मांजरीच्या पिल्लांचे डोळे उघडायच्या आधीच डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या पेशी आपापल्या लाटा उठवून मेंदूतल्या जोडण्या घासूनपुसून ठेवत असतात. ह्यूबेल-वीझल यांनाही कोवळ्या, काही न पाहिलेल्या पिल्लांमध्ये कोनांवर बोलणाऱ्या पेशी सापडल्या होत्या. त्यांच्या निष्कर्षातला हा अर्धा भाग लोक विसरतात. जोडण्या आधीपासून असतात, वापर नसला तर मोडतात.

दुसरं, प्रोजेक्ट प्रकाशच्याच मुलांवरचं २०१५ चं काम. दोन सारख्या रेघा, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर वळलेले. आपल्याला दुसरी लांब वाटते. वर्षानुवर्षं खोल्यांचे कोपरे बघून मेंदूला ही सवय लागते, असं एक लाडकं स्पष्टीकरण होतं. ज्यांनी आयुष्यात खोलीचा कोपरा पाहिलाच नव्हता, त्या मुलांना दृष्टी आल्यावर दोन दिवसांत विचारलं. तीही फसली, आपल्यासारखीच! म्हणजे तो भ्रम शिकलेला नाही.


सुरसागरकाठची

हे छान आहे, आणि माझ्या 'बरंचसं'मध्ये बसतंय. 😊 सगळंच शिकावं लागतं असं मी लिहिलेलं नाही. पण मग नेमकं काय शिकावं लागतं, याची यादी करता येईल का?


बेडूकराव

यादी नको, दोन प्रयोग सांगतो, त्यातून कळेल.

पहिला १९६३ चा, रिचर्ड हेल्ड आणि अ‍ॅलन हाइन यांचा. अंधारात वाढलेल्या मांजरीच्या पिल्लांच्या जोड्या रोज तीन तास उजेडात, एका गोल फिरणाऱ्या दांड्याला जोडून ठेवायच्या. एका टोकाला पिल्लू स्वतःच्या पायांनी चालतं. दुसऱ्या टोकाला पाळण्यात बसलेलं पिल्लू, ज्याला पहिल्याच्या चालण्यामुळे फिरायला मिळतं. दोघांच्या डोळ्यांपुढून तेच पट्टे जातात. पुढे तपासलं तर चालणाऱ्याला कडा कळतो, टेबलाजवळ नेलं की पंजे पुढे करतं. पाळण्यातल्याला यातलं काही येईना. त्याला मोकळं सोडल्यावर मात्र दोन दिवसांत आलं. दोघांनी 'पाहिलं' सारखंच, पण पाऊल टाकलं की दृश्य कसं बदलतं हे एकालाच ठाऊक होतं.

(धाग्यात २०११ चा जो निष्कर्ष दिलाय, त्यातही हेच हेल्ड होते. जवळजवळ पन्नास वर्षांनी!)

दुसरा प्रयोग प्रकाशचाच. नव्याने दिसू लागलेल्यांना एकमेकांवर चढलेले चौकोन आणि वर्तुळ दाखवले आणि विचारलं, किती वस्तू? आपण म्हणतो दोन. ते म्हणत तीन, कारण मधला सामाईक तुकडा त्यांना वेगळा वाटे. फोटोतल्या वस्तूचेही रंग बदलेल तिथे तुकडे पाडत. सावली ही आणखी एक वस्तू. पण एक आकार हलवला की लगेच उत्तर बरोबर. एकत्र हलतं ते एक! पुढे काही महिन्यांनी त्यांना स्थिर चित्रातही वस्तू सुट्या करता येऊ लागल्या. हालचालीच्या आधाराने मेंदू बाकीचं शिकतो, असा सिन्हांचा कयास आहे.


फाइनआर्ट्सवाला

आता माझ्या प्रांतात आलात. १७२८ मध्ये लंडनच्या विल्यम चेसल्डन या शल्यवैद्याने १३-१४ वर्षांच्या एका मुलाचा मोतीबिंदू काढला. मांजर कोणतं आणि कुत्रं कोणतं हे त्याला बघून कळेना, हाताने चटकन कळे. विचारायची लाज वाटली म्हणून एकदा त्याने मांजराला पकडून चाचपलं, टक लावून पाहिलं आणि 'आता ओळखेन तुला' अशा अर्थाचं काहीतरी म्हणून सोडून दिलं. मला जास्त आवडतो तो पुढचा भाग. भिंतीवरची चित्रं त्याला दोन महिने नुसती रंगीबेरंगी पाटी वाटत होती. मग एकदम उमगलं की यांत माणसं आहेत. आणि उमगल्यावर तो गोंधळला, कारण हात लावला तर सगळं सपाट! खरं कोण सांगतंय, डोळा की हात, असं तो विचारू लागला.

पुढच्या वेळी फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्यांच्या चित्रांसमोर उभे राहाल तेव्हा जरीच्या काठाकडे लक्ष द्या. जमेल तितकं जवळून बघा. तिथे जर नसते. पिवळ्या-तपकिरी पट्ट्यावर पांढरट रंगाचे बारके फटकारे असतात, ओबडधोबड, काही तर घडीच्या दिशेला धरूनही नसतात. चार पावलं मागे या, लुगडं झुळझुळायला लागतं. ते चार पावलांतलं काम रविवर्म्याने केलेलं नाही, तुमच्या मेंदूने केलंय, आणि तो कुठे फसतो हे चित्रकाराला पक्कं माहीत होतं.

जाता जाता: आमच्या बडोद्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीची घडण ज्यांनी केली त्या चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांचे शांतिनिकेतनातले गुरू बिनोद बिहारी मुखर्जी. त्यांचा एक डोळा लहानपणापासून निकामी, दुसऱ्याने अगदी जवळचंच दिसायचं. १९५० च्या दशकात शस्त्रक्रियेनंतर तीही नजर गेली. तरी पुढे कागद कापून चित्रं केली, टाइल्सचं मोठं भित्तिचित्र केलं. शिकलेलं बघणं डोळा गेल्यावरही मेंदूत शिल्लक राहतं, याचा आणखी काय पुरावा हवा?


रावपुरेकर

वय ७४. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली. पट्टी काढली तर माझा पांढरा सदरा निळसर! हिला म्हटलं, नीळ जास्त पडली का? हिने दुसऱ्या दिवशी मुद्दाम निळीशिवाय धुतला. तरी निळसर. महिन्या-दोन महिन्यांत आपोआप पांढरा झाला. मेंदू शिकतो म्हणता ते हेच का?


चष्म्यापलीकडे

हेच, काका. जुनं भिंग पिवळं पडून वर्षानुवर्षं निळा प्रकाश अडवत होतं, आणि मेंदूने हिशोब जुळवून तेच पांढरं ठरवलं होतं. भिंग बदललं, हिशोब पुन्हा जुळवायला वेळ लागला. आणि ऑपरेशननंतर तुम्ही काकूंना लगेच ओळखलंत, कारण बघणं तुम्ही लहानपणीच शिकला होता. म्हातारपणच्या आणि जन्मजात मोतीबिंदूत हाच फरक. ऑपरेशन साधारण एकसारखं, निकाल वेगळा.


रावपुरेकर

काकूंना ओळखलं. सुरकुत्या मात्र नवीन होत्या. हे तिला वाचून दाखवू नये.


ढील_दे

अवांतर, पण नाही पण. माझ्या मोठ्या काकांचा एक डोळा लहानपणीच गेला. उत्तरायणाला आख्ख्या पोळात (गल्लीत) त्यांच्याइतके पतंग कुणी कापत नाही. दोन डोळ्यांशिवाय लांबचा अंदाज येतो कसा?


बेडूकराव

दोन डोळ्यांत अंतर जेमतेम सहा-साडेसहा सेंटीमीटर. त्यांच्या दोन चित्रांतल्या फरकावरून खोली काढायची ती जवळच्या कामाला, सुईत दोरा ओवायला, कपात चहा ओतायला. दीड-दोनशे मीटरवरच्या पतंगाला तो फरक नगण्य. तिथे तुम्ही-आम्ही सगळे एकाक्षच! पतंगाचा आकार, मांजाचा झोळ, कोण कुणाला झाकतोय, यांवरूनच अंदाज. काकांनी हे लहानपणापासून घोटलंय. चहा ओततानाही ते मान किंचित हलवत असतील, बघा.


ढील_दे

हलवतात!! आत्ता बघून आलो. आम्हाला वाटायचं सवय आहे.


मांडवीतली

सगळं गोड चाललंय म्हणून थोडं कडू. इंग्लंडच्या सिडनी ब्रॅडफर्डची गोष्ट कुणी लिहिली नाही. दहा महिन्यांचा असताना नजर गेली, ५२ व्या वर्षी, १९५८-५९ मध्ये, बुबुळं बदलून परत आली. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांनी त्यांचा अभ्यास केला. घड्याळ बघून त्यांना लगेच वेळ सांगता आली, कारण आयुष्यभर काच नसलेल्या घड्याळाचे काटे बोटाने चाचपले होते. अंधशाळेत उठावाची मोठी अक्षरं शिकवली होती, तेवढी वाचता आली. छोटी अक्षरं हाताला कधी लागली नव्हती, ती डोळ्यालाही कळेनात. रुग्णालयाच्या उंच खिडकीतून हाताने लोंबकळून खाली उतरता येईल असं त्यांना वाटायचं. लेथ मशीन काचेआड पाहिलं तेव्हा काही कळेना. काच उघडून हात फिरवू दिला, मग म्हणाले की आता दिसतंय.

पण पूर्वी बिनधास्त रस्ता ओलांडणारा हा माणूस दिसू लागल्यावर रहदारीला घाबरायला लागला. उदास झाला. संध्याकाळी अंधारात बसून राही. १९६० मध्ये गेलाच. दृष्टी परत देणं म्हणजे दर वेळी उपकारच, असं समजू नये.


साबरमतीपार

@मांडवीतली, खरं आहे. पण उलट बाजूचं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे, अहमदाबादचं. एका बाईचे दोन्ही जन्मजात मोतीबिंदू बाराव्या वर्षी काढले. एवढ्या उशिरा काही उपयोग नाही, अशीच तोवरची समजूत. वीस वर्षांनी सिन्हा आणि सहकाऱ्यांनी तिला तपासलं, २००६ मध्ये छापून आलं. नजर अधूच राहिली होती, तक्त्यावर ६/६०. पण चेहरे, वस्तू, कोण कुणाकडे बघतंय, बहुतेक सगळं तिला कळत होतं. ती घरकामं करून पोट भरत होती. बारीक तपशील दिसण्याची मुदत संपलेली होती, दिसेल तेवढ्याचा अर्थ लावायला शिकण्याची नाही.

ब्रॅडफर्डच्या वेळी वय ५२ होतं, आणि हाताने कमावलेलं आख्खं आयुष्य मागे होतं. दोन्ही उदाहरणं एका पारड्यात घालू नयेत.


चष्म्यापलीकडे

+१. आणि 'मुदत' एकच नसते, हे साबरमतीपार यांनी फार नेमकं सांगितलं. बारीक दिसणं, दोन डोळ्यांचं जुळणं, चेहरे ओळखणं, प्रत्येकाचा काळ वेगळा.


मामीची_लाडकी

हे वाचून जीव जरा खाली पडला.


मनीमाऊ

राग ओसरला म्हणून परत आले. घन-गोळ्याचं ते कोडं प्राण्यांना घातलंय का कुणी? पापण्या न शिवता?


बेडूकराव

घातलंय, आणि कुणाला, तर मधमाश्यांना! लंडनमध्ये लार्स चिटका यांच्या गटाने, २०२० मध्ये. बंबलबी जातीच्या गुबगुबीत माश्यांना उजेडात घन आणि गोळे दाखवले, पण हात, म्हणजे पाय, लावू दिला नाही. एका आकारात साखरपाणी, दुसऱ्यात कडू पाणी. मग पूर्ण अंधारात त्याच वस्तू चाचपायला दिल्या. माश्या साखरेच्या आकारापाशी जास्त वेळ रेंगाळल्या. उलट क्रमानेही जमलं. तिळाएवढा मेंदू!


मनीमाऊ

म्हणजे प्रकाशच्या मुलांना पहिल्या दिवशी जमलं नाही ते माशीला जमतं?


बेडूकराव

तसं म्हणता येणार नाही. त्या माश्या जन्मांध नव्हत्या. प्रयोगाआधीही त्यांनी बघणं आणि चाचपणं दोन्ही केलेलं होतं. डोळ्याचं पायाला सांगता येतं एवढं त्यातून सिद्ध झालं, ते जन्मतः येतं हे नाही. मॉलिन्यूचा प्रश्न माशीला विचारायचा तर तिला अंधारात वाढवून पहिल्यांदाच उजेड दाखवावा लागेल. हो, पापणी न शिवता. मधमाशीला पापणीच नसते.